पापड-पाणी

ज्याच्या हातात हे कागद पडतील त्याने आधीच माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला तेव्हाही कळलं नाही, आणि आता या वयात कोणाला विचारायची लाज वाटते. अक्षर असं की ओळ वर सुरू होते आणि उतार लागल्यासारखी खाली घरंगळते. पण आज लिहायचंच आहे. सकाळपासून मला हसू येतंय, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. कागद बरा. तो तोंडाकडे बघत नाही.

आम्ही अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला चाळीत राहतो. मी उल्हासनगरच्या एका सिंधी बाईसाठी पापड लाटते. सगळ्या बायका तिला आंटी म्हणतात. तिचा टेम्पोवाला गल्लीत येतो, मळलेलं पीठ वजन करून देतो आणि वाळलेले पापड वजन करून नेतो. त्यामुळे त्यातला एक पापड खाऊन बघावा असंसुद्धा कधी मनात आलं नाही. वजनात कमी भरला असता.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत आमच्या मिस्टरांच्या पायावर ड्रम पडला. ते ठेकेदाराच्या माणसांत होते. ठेकेदाराने एकदा दवाखान्यात येऊन केळी दिली, मग फोन उचलेनासा झाला. पायात सळई घालायची होती. ऑपरेशनचे पैसे आंटीने दिले. मला तोंड उघडवेना, म्हणून शेजारच्या वहिनींनी माझ्यासाठी शब्द टाकला. व्याज नाही, पण दर आठवड्याच्या मजुरीतून हप्ता कापायचा असं ठरलं. म्हणजे काहीही झालं तरी माझं लाटणं थांबून चालणार नव्हतं. काम गेलं असतं तर चूलही थांबली असती आणि पैसेही डोक्यावर राहिले असते.

त्या दिवसांत मी भाजीला कांदे जास्त चिरायला लागले. रडायला तेवढाच आडोसा. मिस्टर प्लास्टर पुढे करून पडलेले असायचे. एक दिवस ते म्हणाले, "घरात माणसं दोन, भाजी वांग्याची, आणि कांदे चार?"

मी म्हटलं, "डोळे साफ होतात."

"एवढे साफ डोळे गल्लीत कोणाचे नसतील," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं, असं करू. रडायचं ते कांद्यावरच. एरवी नाही. मलाही एक चिरायला दे."

हा आमच्या घरातला नियम झाला. पुढे कांदा महागला तेव्हा मिस्टर म्हणाले, आता रडणं परवडत नाही. मी इतकी हसले की त्यांचं प्लास्टर ज्या उशीवर होतं ती उशी माझ्या धक्क्याने सरकली आणि ते ओरडले, आणि मग तेही हसले.

पण एका आठवड्यात औषधं आणि भाडं एकदम आलं. हप्ता कापला तर हातात काही उरणार नव्हतं. मिस्टर म्हणाले, तूच जाऊन सांग. मी आंटीचं घर कधी पाहिलं नव्हतं. रिक्षात वाटभर मी एकच वाक्य घोकत होते: आंटी, ह्या आठवड्यात हप्ता कापू नका.

आंटीने दार उघडलं, मला बसवलं आणि आत गेली. बाहेर आली ती ताटलीत एक भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास घेऊन. ते माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसली.

आमच्याकडे कोणी आलं तर आधी पाणी, मग चहा. नुसता पापड कोणी कोणापुढे ठेवत नाही. मला वाटलं, माझ्या पापडाची तक्रार आली आहे आणि आंटीने पुरावा समोर ठेवलाय. मी पापड उचलून उजेडात धरला. खरंच एका बाजूची कड जाड होती. मी उभी राहिले.

"आंटी, चूक झाली. कड जाड राहिली. पुन्हा नाही होणार, पण काम बंद करू नका."

आंटी म्हणाली, "क्या हुआ? जल गया क्या?"

"नाही, भाजलाय चांगला. लाटलाच वाईट आहे. माझाच असेल."

"तो खा ना. देख क्या रही है?"

मला वाटलं ही शिक्षा आहे. मी उभ्याउभ्या खायला लागले. तेव्हा आंटीच्या लक्षात आलं आणि ती कपाळावर हात मारून खाली बसली. "अगं वेडी, हमारे में मेहमान आता है तो पहले पापड-पाणी देते हैं. तू मेहमान आहेस, चोर नाही." मग ती हसायला लागली. ठसका लागला म्हणून माझ्यासाठी आणलेलं पाणी तिनेच पिऊन टाकलं. मलाही हसू आवरेना. मिरी इतकी झणझणीत होती की माझ्या डोळ्यांतून कांद्याशिवाय पाणी आलं. इतकी वर्षं मी लाटतेय ते असं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हसत हसत मी रिक्षापर्यंत आले आणि आठवलं, जे बोलायला गेले ते राहिलंच. परत गेले. आंटीने परत पापड आणला. ह्या वेळी मी आधी वाक्य म्हटलं, मग खाल्लं.

"ठीक है, इस हफ्ते नहीं," आंटी म्हणाली. "पण पुढच्या हफ्त्याला दीडपट. हसवलं म्हणून डबल नहीं बोला."

घरी येऊन मी सगळं सांगितलं तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक संकट पाहुणा झालं. गॅस संपला, की मिस्टर म्हणायचे, "पाहुणे आले, पापड-पाणी दे." जांभूळ गावाकडून येणारी पाइपलाइन फुटून पाणी बंद झालं तेव्हा मी म्हटलं, "पापड आहे, पाणी नाही. पाहुण्यांना सांगा, उद्या या." संकट काही त्यामुळे उठून गेलं नाही. पण आल्याआल्या आमच्या डोक्यावर बसायचं, ते पाटावर बसायला लागलं.

एकदाच हे चाललं नाही. पाय बरा झाल्यावर मिस्टर कंपनीत गेले आणि गेटवरूनच परत आले. त्यांच्या जागी दुसरा होता. मी म्हटलं, पाहुणे आले वाटतं. ते म्हणाले, "प्रत्येक वेळी नको गं." मग मी त्यांच्यापुढे विळी आणि दोन कांदे ठेवले आणि बाहेर पापड उलटायला गेले. आत आले तेव्हा कांदा इतका बारीक चिरलेला होता की लग्नाच्या पंगतीत चालला असता. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "आता ह्याची भजी कर."

आता ते बदलापूरला एका सोसायटीच्या गेटवर बसतात. बसायची नोकरी आहे, पायाला बरी. त्यांचा पगार आला तसे हप्ते मोठे झाले.

आज शेवटचा होता. मजुरीतून कापू नका म्हटलं, मी स्वतः घेऊन येते. नोटा रुमालात बांधून गेले. आंटीने मोजल्या, पंख्याने उडू नयेत म्हणून ग्लासाखाली ठेवल्या आणि पापड पुढे केला. मी सवयीने उजेडात धरला.

"कड जाड आहे," मी म्हटलं.

"तेरा ही है," आंटी म्हणाली.

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, काय झालं विचारायला. सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आंटीकडे श्वास नव्हता. मी पूर्ण पापड खाल्ला, कडेसकट. ग्लास मात्र उचलला नाही, त्याच्याखाली पैसे होते. आंटीने माझ्यासाठी दुसरा ग्लास आणला. पाणी पिऊन मी निघाले, आणि जिना उतरताना लक्षात आलं की आता मी कोणाचं काही देणं लागत नाही. सगळं फिटलं.