न्यायाधीशांसाठी नेलेला हार

माझ्या धाकट्या दिराला बडनेरा स्टेशनावर गांजाच्या पुडीसकट पकडलं, तेव्हा सासूबाईंनी शिव्या दिराला न देता पकडणाऱ्या हवालदाराला दिल्या. पुढे आमच्या फुलांच्या मळ्यात शेवंती तोडताना, विकायचे हार ओवताना, त्यांच्या तोंडी तोच हवालदार. फुलं कोमेजतील, जरा दमानं घ्या, असं मी म्हणायचे.

पुडी लहान होती आणि दीर विकणारा नव्हता, ओढणारा होता. म्हणून अमरावतीच्या कोर्टात न्यायाधीशांनी त्याला विचारलं, उपचार घेणार का? पूर्ण घेऊन तसा अहवाल आणलास तर शिक्षा टळेल, अर्धवट सोडलंस तर तुरुंग आहेच. दीर खाली मान घालून उभा. मला काही राहवलं नाही. मागून मीच "घेतो म्हण ना" म्हणाले आणि पट्टेवाल्यानं माझ्यावर डोळे वटारले. मग तो घेतो म्हणाला.

व्यसनमुक्ती केंद्र अकोल्याला होतं. दर रविवारी मी डबा घेऊन जायचे आणि हा पठ्ठ्या दर वेळी बडीशेप मागायचा. इथलं जेवण पचत नसणार, असं धरून मी तिथल्या स्वयंपाक्याला चांगलंच फैलावर घेतलं.

उपचार संपवून दीर घरी आला, मळ्यात राबू लागला. मग कोर्टाची तारीख आली. सासूबाईंनी पहाटेच्या फुलांचा गच्च हार केला, न्यायाधीशांना घालायचा म्हणून. अहवाल चांगला निघाला. पुन्हा नशा करणार नाही असं लिहून घेऊन दिराला सोडलं. हार मात्र न्यायाधीशांनी हसून नाकारला, कोर्टात हे चालत नाही म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात तोच हवालदार दुसऱ्या कामासाठी उभा. सासूबाई थेट त्याच्यापाशी गेल्या. आता यांचं तोंड सुटणार म्हणून मी पदर धरायला धावले, तोवर हार त्याच्या गळ्यात पडलाही होता.

"तुमी पकडलं म्हणून वाचला माहा पोरगा," त्या म्हणाल्या.

हवालदार गडबडला. दीर त्याच्या पाया पडायला वाकला आणि खिशातून कागदाची पुडी खाली पडली.

सगळं केलेलं पाण्यात गेलं असंच मला वाटलं. हवालदारानं झटकन पुडी उचलली, उघडली, हुंगली.

"बडीशेप आहे साहेब," दीर म्हणाला. "तलफ आली का चिमूटभर तोंडात टाकतो. केंद्रातल्या सरांनी सांगतलं होतं."

मला रडूच आलं. त्या स्वयंपाक्याची आठवण झाली आणि रडता रडता हसूही फुटलं.

हवालदारानं चिमूटभर बडीशेप स्वतःच्या तोंडात टाकली आणि पुडी सासूबाईंपुढे धरली. त्यांनीही मुकाट्यानं घेतली.