माशाला आलेलं घामोळं

नागपूरच्या मे महिन्याबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, असं आमच्या घरचे म्हणतात. पण त्या वर्षी गच्चीवर वाळत घातलेले पापड भाजायची गरज उरली नव्हती, कावळे पाय पोळतात म्हणून एकेका पायावर आळीपाळीनं उभे राहत, आणि दुपारी नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकली की चहा तयार. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं, ते सांगत नाही.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. बाबा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते आणि त्यांच्या हाताखाली आता मी एकटाच उरलो होतो. रविवारच्या बाजारातून त्यांनी एक फायटर मासा आणला. बोटभर लांब, गर्द निळा, अंगापेक्षा शेपटीच मोठी. मुरंब्याच्या काचेच्या बरणीत तो एकटा राहायचा. समोर आरसा धरला की आपल्याच रूपाला दुश्मन समजून कल्ले फुलवायचा. बाबा रोज दाढी उरकली की आरसा त्याच्यापुढे धरत. दोघांचं फार छान जमलं, कारण घरात दुसरा नर दोघांनाही चालत नव्हता.

माझ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी बी.कॉम. झालो तेव्हा मार्कशीट खिशात घालून ते कॉलेजात खात्री करायला गेले होते. खात्री झाल्यावर म्हणाले, "छपाईची चूक असंल." त्यांचंही खरंच होतं. लहानपणापासून मी इतक्या थापा मारल्या होत्या की माझं खरं बोलणंसुद्धा लोक खोट्या नोटेसारखं उजेडात धरून पाहायचे.

मेच्या मध्यात मासा बरणीतल्या गोट्यांवर अंग घासू लागला. पर आवळून घेतले, खाणं सोडलं. दोन दिवसांत अंगभर रव्यासारखे बारीक पांढरे दाणे दिसू लागले. बाबा बरणी दोन्ही हातांत धरून माझ्या खोलीत आले. माझ्या खोलीत ते शेवटचे कधी आले होते, मला आठवत नव्हतं.

"तू कलकत्त्याले माशाच्या डॉक्टरकडं शिकला म्हनत होता ना? पाह्य बरं, काय झालं याले."

कलकत्त्याला मी चार दिवस होतो, एका नोकरीच्या इंटरव्ह्यूला. नोकरी मिळाली नाही. माशांशी माझा जो काही संबंध आला तो ताटात आला. 'बाबा, ती थाप होती,' एवढे चार शब्द बोलायचे होते. पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मी बरणी खिडकीशी नेली. काचेवर नखानं टिचकी मारली. "झोप कशी आहे?" असंही विचारलं. मग गंभीर तोंड करून निदान सांगितलं.

"घामोळं आहे."

"माशाले घामोळं?" दारातून आई म्हणाली. "पान्यात राहून? मंग त्या तलावातल्या म्हशीले काय होत असंल वं माय!"

"तू चूप वं," बाबा म्हणाले. "तो सांगून राहिला ना."

नागपुरात अंगावर दाणे आले की ते घामोळं, आणि घामोळ्याला गारवा. मीही तेच फर्मावलं: कूलरसमोर ठेवा, आणि दिवसातून दोनदा बरणीतलं पाणी काढून माठातलं गार पाणी भरा.

घरात पत्र्याचा एकच कूलर होता. त्याला नुकत्याच वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या. बाबांनी आपली खाट बाहेरच्या खोलीत ओढली आणि कूलरसमोर स्टुलावर बरणी ठेवली. तीन दुपारी तो म्हातारा डोक्यावर ओला पंचा टाकून भट्टीत बसून राहिला आणि आत मासा हवा खात होता. शेजारी एक कागद होता. फाइलीवर शेरा मारावा तसं त्यावर लिहिलं होतं: 'सकाळी आठ. माठाचे पाणी दिले.'

"पस्तीस वर्षं मी चुलीपुढं शिजली," आई म्हणाली, "माह्यासाठी कधी कूलर हलला नाही. आता मासोळीले हवा!"

"तुह्या पोरानं सांगतलं आहे," बाबा म्हणाले.

दाणे वाढतच गेले. मी म्हणालो, "आतलं बाहेर निघून राहिलं." बाबांनी तेही कागदावर लिहून घेतलं. चौथ्या सकाळी मासा आडवा तरंगत होता.

मी एकटाच बाजारात त्या मासेवाल्याकडे गेलो. फुटपाथवर बाटल्या मांडून बसणारा हडकुळा म्हातारा. सगळं ऐकून तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"सफेद दाना था, बाबू. कीड़ा होता है उसका, ठंडे पानी में बढ़ता है. गुनगुना पानी और चुटकीभर खड़ा नमक, बस. कूलर कायको लगाया? घर के कोने में छोड़ देते, तो ये नागपुर की मई ही उसकी दवा थी."

म्हणजे जे औषध अख्ख्या शहरावर फुकट बरसत होतं, ते मी निगुतीनं दाराबाहेर ठेवलं होतं. आणि बाबांना त्यात बसवलं होतं.

घरी आलो. बाबा ओट्यावरच होते. "काय म्हनला?"

"म्हणणार काय? माल आधीपासूनच सडका होता. आजारी मासा गळ्यात मारला त्यानं."

माझ्या आयुष्यातली सर्वांत छोटी थाप. सर्वांत मोठीही तीच.

रविवारी बाबा मला बरोबर घेऊन गेले, जाणकार म्हणून. भर बाजारात त्यांनी म्हाताऱ्याची इज्जत काढली. "बिमार मच्छी बेचता है? ये मेरा लड़का है, कलकत्ते में सीखा है. इसने तीन दिन जान लगाई!" दहा-वीस माणसं जमली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी जे सांगितलं होतं, ते त्याला एका वाक्यात सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. मी चपलेकडे बघत होतो. त्यानं एकदा बाबांचा उन्हानं रापलेला चेहरा पाहिला, आणि गुपचूप एक लाल मासा पिशवीत बांधून पुढे केला. "ले जाइए, बाबूजी. गलती हो गई."

परतताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चोर आहे, पन घाबरला. तू होता म्हनून बरं झालं गा." थोडं चालून त्यांनी पिशवी वर धरली. "याले आजपासूनच कूलरसमोर ठेवतो. घामोळं यायच्या आधीच."

खरं बोलायची ती शेवटची संधी होती. खरं बोललो तर मासा वाचणार होता, पण खांद्यावरचा हात जाणार होता.

"नाही बाबा," मी म्हणालो. "याची जात वेगळी आहे. लाल जातीला गारवा मानवत नाही. याला कोपऱ्यात कोमट राहू द्यायचं, पाण्यात चिमूटभर खडा मीठ."

"असं होय!" बाबा म्हणाले. हात तसाच राहिला.

तो मासा दीड वर्ष जगला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बाबा त्याची जात समजावून सांगत आणि माझ्याकडे बोट दाखवत. मग तो मासेवाला कसा चोर आहे, हेही सांगत. आमच्या गल्लीतून त्याच्याकडे पुन्हा कोणी गेलं नाही.