पाऊण इंची पाइपचं धनुष्य

गल्लीत त्यांना 'दीडशहाणे' म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. धंदा नळदुरुस्तीचा, पण पान्यापेक्षा जीभच जास्त चाले. कुणाच्या मोरीत शिरले की आधी नाक मुरडायचं. "हे कुणी बसवलंय? डोळे मिटून बसवलं का?" निम्म्या वेळा ते यांनीच बसवलेलं निघे. मग म्हणत, "तरीच इतकी वर्षं टिकलं." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, यापलीकडे या माणसाचं दुसरं तत्त्वज्ञान नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरचा नळ वर्षभर ठिबकत होता. बायकोने एकदा सांगून पाहिलं, तर तिला पाण्याच्या दाबावर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं. तेव्हापासून ती नळाखाली बादली ठेवते आणि गप्प बसते.

अशा या गृहस्थांना पन्नाशीत धनुष्यं करायचा नाद लागला. कामावरून उरलेले प्लास्टिकचे पाइप घरात पडलेलेच होते. पाऊण इंची पाइपचा खांद्याएवढा तुकडा घ्यायचा, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर फिरवत मऊ करायचा, दोन फळ्यांमध्ये दाबून टोकांकडे चपटा करायचा आणि मुठीपाशी गोलच ठेवायचा. मग टोकांना कानशीने खाचा पाडून नायलॉनची दोरी चढवायची. इतकंच. पण सांगायला बसले की असं वाटावं, धनुष्याचा शोध यांच्याच शेगडीवर लागला! घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटे. बायको खिडक्या उघडी, हे लावून घेत. वाऱ्याने म्हणे पाइप एका अंगाने आधी थंड होतो.

बाण मात्र मारी धाकटी मुलगी. एकोणीस वर्षांची पोर, घरातलं सगळं बोलणं बापानेच वापरून टाकल्यामुळे अबोल झालेली. गच्चीवर चिंध्या भरलेलं पोतं टांगलं होतं. वीस पावलांवरून तिचे सहाच्या सहा बाण त्या पोत्यावर बशीएवढ्या जागेत रुतत. हात तिचा, डोळा तिचा, पण कौतुक व्हायचं पाइपचं. "पाइपचा गुण आहे हा!" दीडशहाणे शेजाऱ्यांना सांगत, आणि शेजारी धाकटीकडे पाहून हळूच हसत.

शहरातल्या तिरंदाजी क्लबात वर्षभर फुकट शिकण्याची एकच जागा निघाली. धाकटीला ती हवी होती. आयुष्यात तिने बापाकडे तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट. चाचणीसाठी क्लबची धनुष्यं मिळणार होती, पण ती पाहून दीडशहाण्यांनी तोंड वाकडं केलं. "इतक्या कप्प्या! धनुष्य आहे की विहिरीचा रहाट? माझी पोरगी माझ्या पाइपवरच चाचणी देईल."

प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "चालेल, पण आधी आम्ही तपासून घेऊ."

"तुम्ही तपासणार? साधा नळ तरी कधी सोडवून पाहिलाय का?"

बाई नुसत्या हसल्या. ते हसणं दीडशहाण्यांना आठवडाभर टोचत राहिलं. धाकटीची जागा राहिली बाजूला, आता पाइपच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसला.

रविवारी सकाळी मैदानावर दहा-बारा मुलंमुली आणि त्यांचे आईबाप जमले होते. दोरी चढवायला दीडशहाण्यांनी धनुष्य हातात घेतलं, तर मुठीच्या जरा वर हिरवी टेप गुंडाळलेली.

"हे काय थेर? धनुष्य काय लग्नाला चाललंय?"

"असू दे ना बाबा. छान दिसतंय."

"त्या बाई म्हणतील, जोड दिलाय!" म्हणत त्यांनी नखाने टेप उचकटली.

खाली पांढरी रेघ होती. केसाएवढी, पण आडवी, पाइप जिथे सगळ्यात जास्त ताणला जातो नेमकी तिथे. नळाच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल की वाकवलेला पाइप असा पांढरा पडला की तो आज ना उद्या फुटणार. मोरीतला फुटला तर पाणी वाहून जातं. हा धाकटीने गालापर्यंत ओढलेला असताना फुटला असता.

दीडशहाण्यांनी नखाने रेघ दोनदा चाचपली. तरीही आधी जीभच चालली. "हा पाइपच भिकार निघाला!" मग ते धाकटीकडे वळले. "टेप कधी लावलीस?"

"मंगळवारी."

"रेघ दिसली म्हणून?"

तिने मान डोलावली.

"आणि तरी यावर बाण मारणार होतीस? डोळा गेला असता, अक्कल आहे का? मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला?" धाकटी म्हणाली.

टोमणा नव्हता, रागही नव्हता. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

दीडशहाणे धनुष्य घेऊन प्रशिक्षक बाईंपुढे जाऊन उभे राहिले. "पोरीला तुमचं धनुष्य द्या."

"का हो? तुमच्याला काय झालं?"

सगळे आईबाप कान टवकारून ऐकत होते. "मी पाइप जास्त तापवला. माझं चुकलं," दीडशहाणे म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एरवी त्या हसणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. आज ते मुकाट्याने मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीबाहेर जाऊन उभे राहिले.

धाकटीने परकं धनुष्य उचललं. वजन वेगळं, ओढ वेगळी. पहिला बाण टार्गेटच्या पार खालून गवतात गेला.

ती झटकन वळली आणि बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली. दीडशहाण्यांनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांनी मान डोलावली, हाताने 'मार, मार' अशी खूणही केली. पण तिला त्याचा अर्थच लागेना. असं काही तिने त्या चेहऱ्यावर कधी पाहिलंच नव्हतं. दुसरा बाण तिच्या हातात तसाच राहिला.

शेवटी प्रशिक्षक बाईच म्हणाल्या, "अगं, टार्गेट इकडे आहे."