शांतानं बंद केलेला दिवा

आज दुपारी सांगलीच्या घरी नात विचारत होती, "आजी, मोबाइलच्या बॅटरीतल्या धातूसाठी आफ्रिकेतली मुलं खाणीत उतरतात?" आणि मी थेट सत्तरच्या दशकातल्या कवठे महांकाळला मी शिकवत होते त्या वर्गात पोचले.

शाळेत नुकतीच वीज आली होती. मी मुलींना सांगत होते, तारेतलं तांबं आफ्रिकेतल्या खाणींतून येतं.

त्यांच्यातल्या शांतानं विचारलं, "आवं बाई, मग तिथल्या पोरींच्या घरात दिवा हाय का?"

"बऱ्याच जणींच्या नाही गं."

ती उठली आणि तिनं वर्गातला दिवा बंद केला. खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात, कधी न पाहिलेल्या त्या मुली आमच्याच शेजारी बसल्यात, असं कितीतरी वेळ वाटत राहिलं.

नातीला मी हेच सांगितलं. मुलांनी असं विचारलं, तर तुम्ही काय सांगता?