शेपटीतली पेटी

छोट्या विमानतळावर माल तोलणाऱ्या बाईंना सगळे काटेवहिनी म्हणत. वहिनी, कारण तिथला वैमानिक त्यांचा सख्खा दीर. आणि काटे, कारण वजनकाट्यापुढे त्या कुणाचीच डाळ शिजू देत नसत. किती भरलं याइतकंच कुठे ठेवलं यालाही महत्त्व असतं, हे त्या हमालांना रोज ऐकवत. "पंख वर उचलतात, वजन खाली ओढतं. दोन्ही जवळजवळ एकाच जागी जुळायला हवं. वजन मागे गेलं की नाक आभाळात!"

"मग तुम्हीच उडवा की, वहिनी," दीर चिडवायचा.

त्या दुपारी पंपाची ऐंशी किलोची पेटी वैमानिकाच्या मागेच ठेवायची होती. वहिनींनी तसा कागद केला, सही ठोकली आणि विमानात डोकावण्याआधीच फोन आला म्हणून कचेरीत गेल्या. परत येतात तो विमान धावपट्टीवर सुटलेलं.

"पेटी नीट बसली ना?" त्यांनी हमालाला विचारलं.

"पुढे शिरेचना. दिली शेपटीत ढकलून."

विमानानं जमीन सोडली आणि त्याचं नाक वर, आणखी वर जाऊ लागलं. त्या धावतच रेडिओच्या खोलीत शिरल्या.

"भाऊजी, पेटी शेपटीत आहे!"

"नाक खाली घ्यायला दांडी पार पुढे रेटलीय. नाक ऐकत नाही. वेग उतरतोय, वहिनी."

आवाजात चेष्टेचा लवलेश नव्हता. नाक जितकं वर, तितकी हवा जास्त अडवणार. इंजिन कितीही ओढू दे, वेग पडणारच. पंख फार तिरके झाले की त्यांच्यावरून वाहणारी हवा सुटते, आणि मग उचलायला कुणीच उरत नाही. वहिनींना हे पाठ होतं. मागच्या सीटांवर दोन प्रवासी होते. त्यांचीही वजनं पाठ होती.

"नर्सबाई अठ्ठावन्न, वायरमन सत्त्याऐंशी. वायरमनला तुमच्या शेजारी घ्या, आत्ता! रांगत येऊ दे. मग बाईंना पुढच्या ओळीत. आणि इंजिन कमी करू नका!"

रेडिओवर नुसती खरखर. खिडकीतून दिसत होतं, झाडांच्या शेंड्यांवर विमान लटकल्यासारखं थरथरत होतं.

नाक बोटभर झुकलं. मग आणखी थोडं.

"आलं... खाली आलं," दीर म्हणाला.

"मोठं वळण घ्या, सावकाश. उतरताना वेग राखून या."

विमान एवढ्या वेगात टेकलं, की धावपट्टी संपवून गवतात जाऊन थांबलं. वायरमन उतरला आणि भडभडून ओकला. दिराची बोटं दांडीवरून नर्सबाईंनी एकेक करून सोडवली.

"हमालाची चूक, असंच अहवालात लिहू या," विमानतळाचे साहेब म्हणाले.

"पेटी त्यानं हलवली. पण न बघता केलेली सही माझी आहे. तीही लिहा."

तीन महिने त्यांना कामावरून दूर ठेवलं. त्यातल्या चौथ्याच दिवशी दीर घरी आला. दिलेला पाण्याचा पेला हातात धरून तो जमिनीकडे बघत बसला.

"रागावलात?" वहिनींनी विचारलं.

"रागावलोय. अजून काही दिवस रागावणार आहे." त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "पण मला त्या वेळी मागे कोण बसलंय तेही आठवत नव्हतं, वहिनी. तुम्हाला त्यांची वजनं आठवली."

तेव्हा कुठे वहिनींना रडू फुटलं.