मागच्या पानावरचा तबलजी

दादरच्या एका सभागृहात माझा सत्कार झाला, तेव्हा निवेदकानं सांगितलं की मी माझ्या संग्रहातली सर्वांत दुर्मीळ पुस्तिका गिरगावातल्या एका मित्राला उदार मनानं देऊन टाकली. टाळ्या झाल्या. शाल खांद्यावर, नारळ हातात, मी मान लववली. पण ती भेट नव्हती. हे सांगायचं तर आता सांगायला हवं, कारण माझी ऐंशी जवळ आली आहे आणि मित्र माझ्याहून मोठा आहे.

मूकपटांच्या काळात थिएटरच्या दाराशी आठ-बारा पानांची पुस्तिका मिळायची. पडद्यावरचे लोक बोलत नसत, म्हणून गोष्ट वाचून आत जायचं. एका पानावर मराठी, समोर गुजराती, मागे उर्दू आणि इंग्रजी. खेळ संपला की लोक त्यात चणे बांधून नेत. त्यामुळे ज्या उरल्या, त्यांच्यासाठी पुढे कित्येक वर्षांनी आम्ही चार-पाच जण रद्दीवाले आणि मोडकळीला आलेली घरं धुंडाळत फिरायचो.

आमच्यात एक रीत होती. दुसऱ्याची पुस्तिका पाहायला घरी न्यायची, तर आपली तेवढ्याच तोलाची एक त्याच्याकडे ठेवायची. चिठ्ठी नाही, मुदत नाही. ती परत केली की आपली परत यायची.

मित्राकडची पुस्तिका तशी फार दुर्मीळ नव्हती. पण तिच्या मागच्या पानावर थिएटरच्या वादकांचा फोटो होता. पेटी, तबला, सारंगी, फिडल. पडद्यासमोर बसून हे लोक सगळा खेळभर वाजवत. त्यातला तबलजी म्हणजे मित्राचे वडील. मित्र तान्हा असतानाच ते गेले. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता.

मी माझी उत्तमातली उत्तम पुस्तिका त्याच्याकडे ठेवली आणि त्याची घरी आणली. पानांच्या कडांचे पोपडे निघत होते. त्या काळात दादरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी लॅमिनेशनचं दुकान नुकतंच निघालं होतं आणि लोक मुलांच्या मार्कशीटपासून देवांच्या तसबिरींपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये घालून आणत होते. मी पुस्तिकेच्या पिना काढल्या, पानं सुटी केली आणि तिथं नेली. यंत्रातून पानं गरम बाहेर आली, काचेसारखी चकचकीत. मित्राला फोन केला.

"न विचारता केलंस?" तो म्हणाला. मग स्वतःच, "असू दे. तुझ्याकडेच ठेव. आमच्या चाळीच्या ओलीत कागद टिकत नाही रे."

म्हणून मी ती परत केली नाही आणि त्यानं माझी परत केली नाही. बाहेरच्यांना वाटलं, मी दिली. मीही तसं वाटू दिलं. वर इतर संग्राहकांना सांगत राहिलो, लॅमिनेट करा, काळजी मिटते. काहींनी ऐकलं.

काही वर्षांनी पानं आतल्या आत तपकिरी व्हायला लागली. कागदात राहिलेला ओलावा प्लास्टिकनं कोंडून ठेवला होता. फोटोवर आधी डाग आले, मग डागांचाच एक पट्टा झाला आणि चेहरे दिसेनासे झाले. मी कपाट बंद ठेवायला लागलो.

यंदा मित्राची चाळ पाडायला घेतली. तो लेकीकडे वरळीला राहायला गेला. त्याचा फोन आला. "ते पान घेऊन ये एकदा. लेकीनं आजोबांना पाहिलेलं नाही. राहूनच गेलं बघ."

जायच्या आधी मी ते पान जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. "शाई प्लास्टिकला चिकटलीये, काका. सोलायला गेलो तर डागांखालचे चेहरेच निघून येतील." आणखी काही करता येईल का, असं मी तीन-चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. त्यांनी दर वेळी न कंटाळता नाही सांगितलं.

वरळीला पोचलो. "या दादरवाले," तो खुर्चीतूनच म्हणाला. डोळ्यांच्या आजारानं त्याला आता फक्त उजेड आणि हलणाऱ्या सावल्या कळतात. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी गेलो, हेही लिहायला हवं.

त्यानं पान हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला. "काय गुळगुळीत ठेवलंयस. आहे तस्सं." मग ते लेकीच्या हातात दिलं. "डावीकडून दुसरे. दिसले?"

तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिला नाही सापडणार, तू दाखव," तो मला म्हणाला. "सांग कसे दिसतात. टोपी तिरकी आहे ना? मला तेवढंच आठवतं."

मी आठवायचा प्रयत्न केला. पुस्तिकेचा कागद आठवला, छापखान्याची ओळ आठवली, एका पिनेला गंज होता तो आठवला. तबलजीचा चेहरा आठवेना. इतकी वर्षं तो माझ्या कपाटात होता आणि मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "थोडी तिरकी आहे."

"बघ," तो लेकीला म्हणाला. तिनं मान हलवली, मग त्याला दिसत नाही हे आठवून म्हणाली, "हो बाबा."

जाताना ती लिफ्टपर्यंत आली. "काका, आता त्यांना काही सांगू नका." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. ती माझी पुस्तिका कागदात गुंडाळून घेऊन आली होती, रीतीप्रमाणे. मी घेतली नाही. ती तशीच दोन्ही हातांत धरून लिफ्टचं दार बंद होईपर्यंत उभी होती.

म्हणून हे इथं लिहिलं. पुस्तिका भेट नव्हती आणि फोटो उरलेला नाही. मित्र आता वाचत नाही, त्याला सगळं लेकच वाचून दाखवते. हे ती त्याला वाचून दाखवणार नाही, हे धरूनच मी लिहायला बसलो.