पान जायचं कुठे

भावोजी, तुमचं पान कुठे जायचं ते मला काल कळलं. तुम्हांला जाऊन पाच महिने झाल्यावर.

नोंदणी कचेरीत तुम्ही एकतीस वर्षं टंकलेखक. मग एके दिवशी टंकयंत्रं भंगारात गेली, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप आले आणि साहेबांनी फर्मान काढलं: महिन्याभरात परीक्षा, नापास होईल तो तळघरातल्या दप्तरखान्यात. तुमची छाती दम्याने पोखरलेली. तिथली धूळ तुम्हांला झेपणार नाही, हे शिपायालाही कळत होतं.

माझ्या लॅपटॉपवर नातीने लिनक्सच घालून दिलेलं, म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याकडे सरावाला येऊ लागलात.

"वहिनी, हे यंत्र माझं ऐकत नाही हो."

"घरात तरी तुमचं कोण ऐकतं?"

हसलात, आणि हसता हसता खोकत बसलात.

टाइप करणं तुम्हांला कोण शिकवणार! घोटाळा निराळाच होता. ओळ संपली की जुन्या यंत्राचा गाडा ढकलायला तुमचा डावा हात जायचा. इथे ढकलायला काहीच नाही. मग तीन बोटं कळांखालच्या गुळगुळीत चौकोनावरून सर्रकन आडवी फिरायची आणि लिहिलेलं पान गायब! समोर नुसता कोरा निळा पडदा.

"गेलं! वहिनी, नातीला विचाराल का, पान जातं कुठे?"

"रविवारी तिचा फोन येतो, तेव्हा विचारते. तोवर पुन्हा पहिल्यापासून करा. तेवढाच सराव."

सोमवार आला की तुम्ही विचारायचात, "विचारलंत?" मी म्हणायची, "अहो, राहिलं."

परीक्षेला एक तास आणि तीन पानं. अडीच पानं झाल्यावर हात गेलाच. संध्याकाळी येऊन तुम्ही चप्पलसुद्धा काढली नाहीत. दारातूनच म्हणालात, "तुम्ही सांगितलंत तसंच केलं, वहिनी. पहिल्यापासून." तक्रारीचा सूरही नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

दप्तरखान्यात तुम्ही एक हिवाळा काढलात. तोही पुरता नाही.

काल नात आली होती. माझ्या लॅपटॉपवर काहीतरी लिहिताना तिची बोटं तशीच आडवी फिरली आणि पान गेलं. मी तिचं मनगटच धरलं.

"अगं आजी, जातंय कुठे? शेजारच्या टेबलावर आहे. यात एकाला लागून एक असे डेस्कटॉप असतात, टेबलंच म्हण ना." तिने तीन बोटं उलटी फिरवली. पान जागेवर, शेवटच्या अक्षरापर्यंत. "एवढ्यासाठी घाबरलीस? फोनवर विचारायचंस की!"

त्या महिन्यात चार रविवार होते, भावोजी. चारही रविवारी तिचा फोन आला. माझे गुडघे झाले, तिची घरमालकीण झाली, खिडकीच्या नव्या पडद्यांचा रंगसुद्धा झाला. तुमचं तेवढं विचारायचं राहिलं.